वेदरिंगसाठी ऑइल रंग: नऊ महिने वापरल्यावर

प्लॅस्टिकच्या मॉडेल रणगाड्यांवर धूळ, चिखल, झीज रंगवणं म्हणजे वेदरिंग. गेल्या दिवाळीत माझ्या त्यासाठीच्या तयार वॉशच्या, म्हणजे फटींत उतरणाऱ्या पातळ रंगाच्या, बाटल्या संपल्या. नवीन मागवायच्या आधी चित्रकलेच्या दुकानातून कॅम्लिनच्या ऑइल रंगाच्या चार ट्यूब आणल्या: बर्न्ट अंबर, रॉ अंबर, यलो ऑकर आणि टायटॅनियम व्हाइट. तेव्हापासून १:३५ मापाचे, म्हणजे खऱ्यापेक्षा पस्तीसपट लहान, तीन रणगाडे यांवरच झाले. तयार वॉशकडे मी परत जाणार नाही.

रंग ट्यूबमधून थेट मॉडेलवर नेऊ नका. पुठ्ठ्यावर पिळून अर्धा तास ठेवा, जादाचं जवसाचं तेल पुठ्ठा पिऊन टाकतो. तेल राहिलं तर रंग कित्येक दिवस चिकट राहतो आणि वर नको तिथे चकाकतो. खालचा थर मी टामियाच्या अ‍ॅक्रिलिकचा देतो, ०.३ मिमी नोझलच्या एअरब्रशने (हवेने रंग फवारणाऱ्या पेनने), १५ ते २० पीएसआय हवेच्या दाबावर. तो पूर्ण वाळला की ग्लॉस क्लिअर, म्हणजे चकचकीत पारदर्शक थर. ही पायरी गाळू नका. ग्लॉसवर टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला अंबर रिव्हेटभोवती आणि झाकणांच्या फटींतून आपोआप धावतो. मॅट रंगावर तो टेकवला तिथेच डाग होऊन बसतो.

तिसरा रणगाडा भारतीय लष्कराच्या पूना हॉर्स रेजिमेंटचा सेंच्युरियन. १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, वय २१, याच जातीच्या रणगाड्यात लढता लढता गेले. त्यांचा 'फामागुस्ता' नावाचा रणगाडा नगरच्या आर्मर्ड कोअर सेंटरमध्ये जतन केलेला आहे. त्यामुळे या मॉडेलवर वाटेल तसा चिखल फासायला माझा हात धजत नव्हता. जतन केलेल्या रणगाड्यांना वरचेवर रंग देतात, त्यांवरून धुळीचा अंदाज येत नाही. मग गावाकडे उसाची वाहतूक करणारे ट्रॅक्टर बघत बसलो. पाय ठेवायची जागा घासून गुळगुळीत, मडगार्डच्या आतल्या कडेला वाळलेल्या चिखलाचे पापुद्रे, आणि उभ्या पत्र्यावर पावसाने खाली ओढलेल्या धुळीच्या रेघा.

या रेघांसाठीच ऑइल रंग हवा. सेंच्युरियनच्या बाजूच्या पत्र्यांवर ऑकर, व्हाइट आणि रॉ अंबरचे टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके दिले. चपटा ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवून जवळजवळ कोरडा पुसला आणि वरून खाली ओढत राहिलो, ठिपके दिसेनासे होईपर्यंत. फार झालं तर तासाभराने, दुसऱ्या दिवशीही, मागे घेता येतं. अ‍ॅक्रिलिकमध्ये ही सवलत नाही.

पोपडे उडाल्याच्या खुणा मात्र मी अ‍ॅक्रिलिकनेच करतो, स्पंजच्या तुकड्याने, तोही आधी कागदावर टिपून. १:३५ मध्ये १ मिमीचा ठिपका म्हणजे खऱ्या रणगाड्यावर साडेतीन सेंटिमीटरचा खड्डा! रंगही चंदेरी नको. उघडं पडलेलं पोलाद लवकरच काळपट तपकिरी होतं. सतत घासले जाणारे ट्रॅकचे दात तेवढे ६बी पेन्सिलने उजळले.

आता त्रासाचं. पहिल्या रणगाड्यावर सस्पेन्शनच्या सांध्यात टर्पेंटाइन साचू दिलं आणि सकाळी दोन आर्म तडकलेले मिळाले. ताणाखालचं प्लॅस्टिक ते सोसत नाही. आता ब्रशचं टोक टिश्यूवर टेकवल्याशिवाय सांध्याजवळ जात नाही. वास येतो, खिडकी उघडी ठेवावीच लागते. आणि वाळायला वेळ लागतो. अंबरमध्ये मँगॅनीज असतं, त्यामुळे तो दीड-दोन दिवसांत सुकतो. व्हाइट मिसळलेली धूळ जुलैत सहाव्या दिवशीही बोटाला लागत होती. पावसाळ्यात मी झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून मॉडेल ठेवतो, त्याने थोडा फरक पडतो.

पहिलंच किट करत असाल तर एक तयार वॉश घ्या, पातळपणा किती हवा ते हाताला कळेल. त्यानंतर बर्न्ट अंबरची एकच ट्यूब आणा. माझी तीन रणगाडे होऊनही पावसुद्धा संपलेली नाही.