२% सॅलिसिलिक ॲसिड: काही महिन्यांच्या वापरानंतर

पुरळ आणि ब्लॅकहेड्ससाठी चेहऱ्याला लावायच्या या द्रावणाच्या बाटलीवर ‘रोज वापरा’ असं छापलेलं आहे. काही महिने वापरल्यावर माझं मत वेगळं झालंय. तेलकट किंवा मिश्र त्वचेला आठवड्यातून तीन रात्री पुरतात. रोज लावलं तर फायदा फारसा वाढत नाही, कोरडेपणा मात्र नक्की वाढतो.

हे पाण्यासारखं पातळ द्रावण आहे, लावून न धुता तसंच ठेवायचं. पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) ३ ते ४ च्या दरम्यान, सुगंध नाही. खरेदी करताना सगळे टक्केवारी बघतात, पण पीएच तितकाच महत्त्वाचा. पीएच ३ च्या आसपास असेल तर सॅलिसिलिक ॲसिडचा साधारण निम्मा भाग मुक्त, म्हणजे कामाच्या रूपात असतो. पीएच ४ ला तो दहाव्या हिश्श्यापर्यंत येतो आणि ५ ला जवळजवळ संपतो. त्यामुळे ‘२%’ लिहिलेल्या दोन बाटल्यांचा परिणाम सारखा असेलच असं नाही. त्याच टक्केवारीचा फेसवॉश तर मिनिटभरात धुतला जातो, त्याच्याकडून एवढ्या कामाची अपेक्षा नको.

सॅलिसिलिकच का? ते तेलात मिसळतं, म्हणून रोमछिद्रांत साचलेल्या तेलात शिरून तिथल्या मृत पेशी सैल करतं. ग्लायकोलिक आणि लॅक्टिक ॲसिड पाण्यात विरघळणारी, त्यांचं काम मुख्यतः पृष्ठभागावर. कपाळावरचे बारीक बंद पुरळ, नाकावरचे ब्लॅकहेड्स ही तक्रार असेल तर सॅलिसिलिक. कोरडी, खरखरीत, निस्तेज त्वचा असेल तर लॅक्टिक बरं. ग्लायकोलिकचा रेणू या तिघांत सगळ्यात लहान, म्हणून तो लवकर आत जातो आणि चुरचुरतोही जास्त. सुरुवात त्याने करू नये.

लावण्याची पद्धत साधी आहे, पण गडबड इथेच होते. रात्री सौम्य फेसवॉशने चेहरा धुवायचा आणि पूर्ण कोरडा होऊ द्यायचा, कारण ओल्या त्वचेवर ॲसिड जास्त झोंबतं. मग १०-१५ थेंब तळहातावर घेऊन बोटांनी पसरायचे. कापसाचा बोळा वापरला तर अर्धं द्रावण तोच पितो, शिवाय घासलं जातं ते वेगळंच. पापण्या, ओठांचे कोपरे आणि नाकपुड्यांच्या कडा टाळायच्या. तिथे आधीच व्हॅसलीनचा पातळ थर दिला तर उत्तम. अर्धा तास थांबून मॉइश्चरायझर लावायचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याची गरज नाही. द्रावण सुकलं की लगेच लावा. त्वचा नाजूक असेल तर मॉइश्चरायझर आधी लावून त्यावर ॲसिड घ्या. जोर थोडा कमी होतो, पण निभावतं.

पहिले दोन आठवडे आठवड्यातून दोनच रात्री. त्याआधी जबड्याखाली किंवा कानामागे दोन-तीन दिवस लावून बघणं आलंच.

फरक कधी दिसतो? तेलकट चकाकी आणि खरखर आधी कमी होते, पहिल्या दोन-तीन आठवड्यांत. बंद पुरळ सहा ते आठ आठवडे घेतात. नाकावरचे करडे ठिपके, म्हणजे सेबेशियस फिलामेंट्स, फिकट होतात पण जात नाहीत. ते त्वचेच्या रचनेचाच भाग आहेत आणि वापर थांबवला की पुन्हा भरतात. मुरमांच्या जुन्या डागांवर परिणाम जेमतेम. खड्ड्यांवर शून्य. डागांसाठीच घेणार असाल तर ॲझेलेइक ॲसिड बघा.

सुरुवातीला पुरळ वाढतात, त्याला सगळे पर्जिंग म्हणतात आणि त्या नावाखाली बरंच काही खपवलं जातं. नेहमी जिथे पुरळ येतात तिथेच आले, लवकर पिकून बसले आणि चार ते सहा आठवड्यांत आटोक्यात आले तर ठीक. कधी न येणाऱ्या जागी आले, खाज सुटली किंवा लाल चट्टे उठले तर त्वचेला ॲसिड सहन होत नाहीये. बंद करा.

अतिवापराची पहिली खूण म्हणजे साधं मॉइश्चरायझरसुद्धा झोंबायला लागतं. त्वचा ताणल्यासारखी, प्लॅस्टिकसारखी चमकते, आणि ही चमक ‘ग्लो’ समजून लोक आणखी लावतात! अशा वेळी ॲसिड, रेटिनॉल (व्हिटॅमिन ए चा प्रकार), व्हिटॅमिन सी, सगळं बाजूला ठेवायचं आणि फक्त सौम्य फेसवॉश, सिरॅमाइड (त्वचेतला नैसर्गिक स्निग्ध घटक) असलेलं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन चालू ठेवायचं. सावरायला दोन ते चार आठवडे लागू शकतात. सावळ्या त्वचेने तर जास्तच जपावं, कारण जळजळीमागून काळे डाग राहतात आणि ते जायला महिने लागतात.

रेटिनॉल किंवा त्याच्याच जातीचं मुरमांचं औषध ॲडापलीन वापरत असाल तर रात्री वाटून घ्या, एकाच रात्री दोन्ही नकोत. मुरमांवरचं बेंझॉइल पेरॉक्साइड सकाळी. नायसिनामाइड (व्हिटॅमिन बी३ चा प्रकार) कशाबरोबरही चालतं. वॅक्सिंग किंवा दाढीच्या दिवशी सुट्टी.

ग्लायकोलिक आणि लॅक्टिकसारख्या अल्फा हायड्रॉक्सी ॲसिडांनी त्वचा उन्हाला जास्त संवेदनशील होते, म्हणून अमेरिकेच्या एफडीएने (अन्न व औषध प्रशासनाने) त्यांच्या वापरात आणि नंतरही आठवडाभर सनस्क्रीन लावण्याची सूचना छापायला सुचवलं आहे. सॅलिसिलिकबाबत ही भीती कमी असली, तरी एसपीएफ ३० किंवा जास्त, दोन बोटांच्या लांबीएवढं, रोज लावावं. नाहीतर डाग तिथेच राहतात आणि दोष ॲसिडला जातो.

ॲस्पिरिनची ॲलर्जी असणाऱ्यांनी हे घेऊ नये. गरोदरपणात डॉक्टरांना विचारून. एक्झिमा किंवा रोझेशिया (चेहरा सतत लाल होण्याचा विकार) असेल तर त्वचारोगतज्ज्ञांशी बोलल्याशिवाय नाही.

दोन तक्रारी. सुकल्यावर किंचित चिकट थर राहतो, दिवसा लावलं तर मेकअपखाली तो गोळा होतो. आणि नोझलभोवती पांढरे खडे साचतात. उत्पादन बिघडलेलं नसतं. द्रावक उडून मागे उरलेले ते ॲसिडचे स्फटिक असतात. ओल्या कापडाने पुसून टाका. खडा गालावर चिकटून राहिला तर तेवढ्या जागी प्रमाण २% राहत नाही.