मत्स्यसंपदा व्यवस्थापन की मत्स्य अर्थशास्त्र?

वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत एम.एफ.एससी.ला (मत्स्यविज्ञानातली पदव्युत्तर पदवी) कोणता विषय घ्यावा, या पेचात असाल तर माहितीपत्रक बाजूला ठेवा. दोन्ही दोन वर्षांचे. फरक रोजच्या कामाचा.

संपदावाल्यांची पहाट धक्क्यावर, बोंबील-मांदेली पट्टीवर मोजण्यात जाते. उष्ण पाण्यातल्या माशांच्या कानाच्या आतल्या खड्यावर (ओटोलिथ) वय सांगणारी वर्षाची वलयं बऱ्याचदा स्पष्ट नसतात, म्हणून लांबीच्या नोंदींवरून वाढ काढतात. निवडलेल्या टोपलीतलेच मासे मोजले की मोठे जास्त दिसतात आणि सगळं गणित फसतं.

अर्थशास्त्रात डिझेल, बर्फ, खलाशांचा वाटा. खर्च धरला की सर्वाधिक नफा सर्वाधिक उत्पादनापेक्षा कमी मासेमारीतच सापडतो. अडचण एकच: तांडेल (बोटीचा प्रमुख) खरा आकडा पहिल्या भेटीत सांगत नाही.

संख्याशास्त्र दोघांनाही चुकत नाही. मासळीत हात घालायचा असेल तर पहिला. कोळीवाड्यात बसून हिशेब काढायचा, अनुदान-धोरणावर काम करायचं तर दुसरा.