सापुतारा–तिथल की महाबळेश्वर–हरिहरेश्वर?

दिवाळीत गाडीनं डोंगरातून समुद्रावर उतरायचं, इतकं वडोदऱ्याच्या दांडियाबाजारातल्या भाच्याचं ठरलंय. गुजरातच्या डांग जिल्ह्यातल्या सापुताऱ्याहून वलसाडजवळच्या तिथलला, की महाबळेश्वरहून कोकणातल्या हरिहरेश्वरला, यावर घरात दोन तट.

अंतर आधी बघू. वडोदऱ्याहून सापुतारा साधारण तीनशे किलोमीटर. सकाळी निघालात तर दुपारचं जेवण वर. महाबळेश्वर याच्या दुपटीहून जास्त, आणि मध्ये मुंबईची गर्दी. परतीला तिथलहून सव्वादोनशे, हरिहरेश्वरहून जवळजवळ सहाशे. डिझेल-टोलचा हिशेब इथेच संपला.

घाट मात्र आंबेनळीचाच! महाबळेश्वरहून, १३०० मीटरच्या वरून थेट पोलादपूरला उतरतो, वाटेत प्रतापगड. वळणं अशी की मागच्या सीटवर आल्याची वडी फिरत राहते. पावसाळ्यात दरडी कोसळतात, दिवाळीत ती धास्ती कमी. सापुतारा–वघई रस्ता सौम्य आहे. दोन्ही बाजूंना सागाचं जंगल आणि बांबू, वघईजवळ गिरा धबधबा. डांगी नागलीचे पापड घ्याच, आपली नाचणीच ती.

समुद्रात तिथल हरतं. काळी वाळू, सपाट किनारा, संध्याकाळी जत्रा. हरिहरेश्वरला खडकातून प्रदक्षिणेची वाट आहे, पण ओहोटी असेल तरच उतरा. भरतीत तिथे माणसं वाहून गेली आहेत. वर सोलकढी, उकडीचे मोदक.

तीनच दिवस असतील, आजी बरोबर असेल किंवा चालवणारा एकटाच असेल, तर सापुतारा. सहा दिवस आणि दोन चालक असतील तर महाबळेश्वर, जाताना एक मुक्काम मुंबईअलीकडे टाकून.