आयातशुल्काचा फटका आणि आपली गुंतवणूक: देशातच राहावं, जगभर विभागावं की हेजिंग करावं?

2 एप्रिल 2025 रोजी अमेरिकेने बहुतेक देशांच्या मालावर नवं आयातशुल्क जाहीर केलं. पुढच्या दोन दिवसांत अमेरिकेतल्या बड्या कंपन्यांचा एसअँडपी 500 हा शेअर निर्देशांक 10 टक्क्यांहून जास्त पडला. 9 एप्रिलला बरीचशी शुल्कवाढ 90 दिवसांसाठी थांबवली गेली आणि तोच निर्देशांक एका दिवसात साडेनऊ टक्के चढला. मधल्या दिवसांत घाबरून विकणाऱ्यांचा तोटा पक्का झाला. म्हणून व्यापाराच्या जोखमीचा बंदोबस्त बातमी येण्याआधीच करून ठेवावा लागतो.

पहिला विचार बहुतेकांच्या मनात येतो तो देशातल्या कंपन्यांचा. निर्यातच नाही, तर शुल्काची भीती कसली? हा तर्क निम्माच खरा आहे. ब्रेक्झिटच्या, म्हणजे ब्रिटनने युरोपीय संघ सोडण्याच्या कौलानंतर, 24 जून 2016 रोजी, तिथल्या बड्या कंपन्यांचा निर्देशांक एफटीएसई 100 सुमारे 3 टक्के पडला, तर मध्यम कंपन्यांचा एफटीएसई 250 सात टक्क्यांहून जास्त. पहिल्यातल्या बड्या कंपन्यांची बहुतांश कमाई परदेशातली. पौंड घसरल्यावर ती कमाई पौंडांत फुगली आणि आठवड्याभरात निर्देशांक पूर्वपदावर आला. दुसऱ्यातल्या कंपन्या देशांतर्गत मागणीवर जास्त अवलंबून, त्यांना मार जास्त बसला. संकट घरातच उभं राहिलं तर घरात लपून काय उपयोग? शिवाय माल देशात विकणारी कंपनी सुटे भाग बाहेरून आणत असेल तर शुल्काचा चटका तिलाही बसतोच. वार्षिक अहवालात दोन गोष्टी जरूर शोधा: उत्पन्न कुठल्या देशांतून येतं आणि कच्चा माल कुठून.

जगभर विभागणी मला यापेक्षा कितीतरी भरवशाची वाटते, आणि इंडेक्स फंडांमुळे (एखाद्या शेअर निर्देशांकाची नक्कल करणारे फंड) ती स्वस्तातही होते. पण नावात ‘जागतिक’ असलं म्हणजे वाटणी समान असते असं नाही. अशा बहुतेक फंडांत निम्म्याहून जास्त पैसा एकट्या अमेरिकेत असतो. घबराट पसरली की सगळे बाजार एकत्रच खाली येतात, हेही गृहीत धरा. एकाच देशावर मोठी मदार ठेवणं तर धोक्याचंच. युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर, मार्च 2022 मध्ये, शेअर निर्देशांक बनवणाऱ्या एमएससीआय कंपनीने रशियन शेअर आपल्या उदयोन्मुख बाजारांच्या निर्देशांकातून जवळपास शून्य किमतीला काढून टाकले. परदेशी गुंतवणूकदारांना ते विकायची वाटच उरली नव्हती.

हेजिंगबद्दल, म्हणजे परदेशी चलनाचा दर आधीच करार करून पक्का करण्याबद्दल, गैरसमज फार आहेत. त्याने चलनाचा चढउतार झाकला जातो, कंपनीचा बुडालेला नफा नाही. खर्च मुख्यतः दोन चलनांच्या व्याजदरांतल्या फरकावर ठरतो. आपल्या चलनाचा व्याजदर परदेशी चलनापेक्षा कमी असेल तर हा फरक दरवर्षी खिशातून जातो. आणि कधीकधी हेजिंगच अंगाशी येतं. 15 जानेवारी 2015 रोजी स्विस मध्यवर्ती बँकेने फ्रँकला युरोमागे 1.20 पेक्षा महाग होऊ न देण्याची मर्यादा अचानक सोडली. फ्रँक उसळला, निर्यातदारांच्या धास्तीने तिथला शेअर निर्देशांक 8 टक्क्यांहून जास्त आपटला. हेजिंग न केलेल्या युरोपीय गुंतवणूकदाराची शेअरमधली घट फ्रँकच्या वाढीने भरून निघाली, वर थोडं हातात राहिलं. हेजिंग केलेल्याच्या वाट्याला मात्र फक्त घट आली. रोख्यांचं गणित वेगळं: तिथे परतावा मुळातच थोडा, एका वर्षाच्या चलनाच्या हेलकाव्यात तो सहज धुऊन निघतो. त्यामुळे परदेशी रोखे हेज करावेत आणि लांब पल्ल्याचे शेअर तसेच ठेवावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

सोनं जोडीला थोडं असावं, पण त्याच्यावर सगळी भिस्त नको. मार्च 2020 च्या पडझडीत काही दिवस तेही घसरलं होतं.

दोन-तीन वर्षांत लागणारा पैसा ज्या चलनात खर्च होणार त्याच चलनात, मुदत ठेवीत किंवा अल्पमुदतीच्या रोख्यांत ठेवा. बाकीच्यासाठी जागतिक विभागणी निवडा. एखाद्या देशाचा किंवा निर्यातप्रधान उद्योगाचा वाटा किती होऊ द्यायचा ते आधीच लिहून ठेवा आणि वर्षातून एकदा तो तपासा. नोकरी किंवा धंदा निर्यातीवर चालत असेल तर त्याच क्षेत्राचे शेअर आणखी कमी घ्या, कारण शुल्क वाढलं की पगार आणि गुंतवणूक दोन्हींना एकदमच फटका बसेल.