दहा महिने, दोन सॅडलबॅगा आणि एक रनर

कपडे ओलेचिंब आणि रेन कव्हर मात्र कोरडं ठणठणीत, असा चमत्कार कुणाला पाहायचा असेल तर मोटरसायकलच्या मागच्या सीटच्या दोन बाजूंना लटकवायच्या माझ्या बॅगांपैकी डावी सॅडलबॅग दाखवतो.

ऑक्टोबरातला दुसरा शनिवार. बँकेला सुट्टी, म्हणून चिपळूणहून खेड-दापोली करत दाभोळला आलो होतो. फेरीबोटीने धोपाव्याला उतरायचं, गुहागरला मावशीकडे मुक्काम आणि रविवारी संध्याकाळी घरी, हा माझा नेहमीचा फेरा. बोट अजून पलीकडे होती आणि अंजनवेलच्या डोक्यावर परतीचा पाऊस काळा होऊन उभा होता. म्हणजे तयारीला चांगली दहा मिनिटं हातात होती. रेनकोट चढवला. उजव्या बॅगेच्या बुडाशी असलेल्या कप्प्यातून कव्हर काढून घातलं. डावीकडे आलो तर चेनचा रनर, म्हणजे दातांवरून सरकणारी कडी, हलेना.

आधी बोटांनी ओढला, मग गाडीच्या किल्लीने. शेवटी रांगेतल्या टेम्पोवाल्याने पक्कड दिली. पक्कडीने जोर केला तशी रनरची जिभली तुटून हातात आली आणि रनर जागच्या जागी. तेवढ्यात पाऊस आलाच. दोन टीशर्ट, चादर, टॉवेल आणि मावशीसाठी नेलेला दिवाळी अंक, सगळं भिजलं. बॅगेला पाण्यापासून वाचवणारी वस्तू तेवढी आत सुखरूप.

बॅगेचा तपशील नव्याने सांगायला नको. दोन्ही मिळून ४४ लिटर, मागच्या सीटखालून जाणाऱ्या दोन पट्ट्या, खाली रेन कव्हरचा कप्पा, ही जात सगळ्यांच्या ओळखीची आहे. मी डिसेंबरात ४,२०० रुपयांना घेतली. बायकोला ३,००० सांगितले होते, बिल सापडल्यावर तोही विषय मिटला.

घेण्याआधी दोन महिने डोकं खाजवलं होतं. माझी गाडी दीडशे सीसीची नेकेड, म्हणजे इंजिन उघडं दिसणारी. शेपूट आखूड आणि वर उचललेलं, मागे कॅरिअर नाही, उजवीकडे सायलेन्सर. असल्या गाडीला सामान लावायचं म्हणजे बकरीवर हौदा. टाकीवर चुंबकाने बसणारी टँकबॅग पहिल्या दिवशीच बाद झाली, कारण टाकीवरचं कव्हर प्लास्टिकचं, लोहचुंबक चिकटणार कशाला? पट्ट्यांची मिळते, पण पेट्रोल भरताना दर वेळी सोडा-बांधा. मागच्या सीटवर ठेवायची मोठी टेलबॅग मित्राची वापरून पाहिली. सामान मावतं, पण गाडीवर चढताना पाय तिच्यावरून न्यावा लागतो. बोटीच्या उतारावर, ओल्या लोखंडी पत्र्यावर, एका पायावर उभं राहून दुसरा पाय बॅगेवरून फिरवायचा हा प्रयोग मी एकदाच केला. शिवाय सगळं वजन उंच आणि मागे गेलं की चढावर पुढचं चाक हलकं वाटतं. डबा बसवायचा तर आधी कॅरिअर हवा, आणि ऑफिसात लोक विचारणार, पार्सल कुणाचं आणलंस?

म्हणून सॅडलबॅगा. वजन खाली आणि दोन्हीकडे सारखं राहतं, वळणांवर गाडी बिथरत नाही. डावीकडे साडी गार्डचा आधार मिळतो. साडी गार्ड काढून गाडी 'क्लीन' करणाऱ्यांना एवढंच सांगतो की मागच्या चाकात कपडा जाऊ नये म्हणून कायद्यानेच ते लागतं, आणि बॅग चाकात जाऊ नये म्हणूनही तेच कामाला येतं. उजवीकडे काहीच नसतं. तिथे खेर्डीच्या वेल्डिंगवाल्याकडून आठ एमएमच्या सळीचा स्टे, म्हणजे बॅगेला आधार, वाकवून घेतला, ७०० रुपये. रेड ऑक्साइड मारला, वर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली. तरी मे महिन्यात ट्यूबच्या टोकांशी गंज दिसायला लागलाच. उजवी बॅग सायलेन्सरपासून चार बोटं वर ठेवावी लागते, त्यामुळे मागून पाहिलं की गाडी खांदा उडवल्यासारखी दिसते. त्याला इलाज नाही.

पहिले पाच महिने मी या बॅगेचा भाट होतो. जानेवारीत रत्नागिरीहून भाट्याच्या पुलावरून पावस, पूर्णगड, आडिवरे, जैतापूर करत विजयदुर्गला गेलो. तेवढ्या प्रवासात एकदाही मागे वळून बॅग आहे की पडली ते पाहावं लागलं नाही. एकदा तर आरे-वारेच्या रस्त्याकडेला वाळूत स्टँड रुतून गाडी डावीकडे आडवी झाली. बॅग खाली सापडली, जांभ्याच्या दगडावर घासली. कापडाला पांढरट ओरखडा, बस. इंडिकेटर मात्र बॅगेमुळे वाचला, आणि तो १८० रुपयांना येतो. तेव्हा मी सगळ्यांना ही बॅग घ्या म्हणून सांगत सुटलो होतो. ऑफिसातल्या एकाने माझ्या सांगण्यावरून घेतलीही. तो सध्या माझ्याशी जपून बोलतो.

बायको मागे असेल तर मात्र ही बॅग निरुपयोगी. मागच्या फूटरेस्टवर बॅगेचा पुढचा कोपरा येतो, टाच टेकत नाही. हेदवीला जाताना ती अर्ध्या वाटेत म्हणाली, "एक ठरव, मी बसू की तुझ्या बॅगा?" परतताना तिने वेळणेश्वरहून एसटी धरली. कंपनीच्या जाहिरातीत मागे कुणी बसलेलं दिसत नाही, त्याचं कारण तेव्हा कळलं.

आता मूळ दुखण्याकडे. कापड चांगलं, शिवण चांगली, पट्ट्या चांगल्या आणि रनर भिकार. सांध्यांना आतून टेप, चेनच्या दातांवर पाणी थोपवणारा रबरी थर, आणि ती चेन ओढायला जस्ताच्या मिश्रधातूचा काळा रंग दिलेला रनर. रंग चार महिन्यांत कडांना उडाला. खाली जस्त उघडं पडलं की खारी हवा त्याला सोडत नाही. पांढरी पूड धरते, ती पूड रनरच्या पोटात बसते, वरून वाळूचा एखादा कण आणि लाल माती. संपलं. दातांना काही होत नाही, ते नायलॉनचे. आणि ज्या चेनला रबरी थर असतो ती मुळातच घट्ट, म्हणजे रनरला जोर जास्त. वरची मोठी चेन रोज उघडझाक होते म्हणून निदान सरकती राहते. रेन कव्हरचा कप्पा जूनच्या आधी कोण उघडतं? या वर्षी तर मी जूनमध्येही उघडला नाही, पावसात गाडी काढलीच नाही.

कंपनीला फोटोंसकट मेल केला. उत्तर आठवड्याने: चेन आणि रनर ही 'नैसर्गिक झीज', वॉरंटीत बसत नाही. फोन केला. पलीकडचा मुलगा सभ्य होता. म्हणाला, "सर, तुम्ही समुद्राजवळ वापरता का?" म्हटलं, "बाबा, मी कोकणात राहतो. समुद्र चुकवायचा म्हणजे मी कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडला राहायला जाऊ का?" मग त्याने तोडगा काढला. दोन्ही बॅगा, जोडी म्हणून, माझ्या खर्चाने कुरिअर करायच्या, ते 'तपासून' कळवतील, पंधरा ते वीस दिवस. कुरिअरवाल्याने जायचे ३५० सांगितले. पाच रुपयांच्या रनरसाठी साडेतीनशे! मी बँकेत बसतो, व्याजाचे हिशेब मला येतात. शेवटचा मेल जरा तिखट लिहिला, त्याला अजून उत्तर नाही.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं, टाकायचं राहिलं. मधल्या पंधरा दिवसांत थोडी उलथापालथ झाली आहे, ती प्रामाणिकपणे सांगतो.

चिपळूणच्या बाजारात बॅगा आणि छत्र्या दुरुस्त करणारे एक काका बसतात, त्यांच्याकडे डावी बॅग नेली. त्यांनी रनर कटरने तोडला, कप्पा उघडला, कोरडं कव्हर बाहेर काढून माझ्याकडे पाहिलं. मग चेनच्या कडेला नख लावून गुलाबीसर कपची उकरली, जिभेला लावली आणि विचारलं, "आगळ सांडला होता काय हो?"

सांडला होता. मे महिन्यात मावशीने दिलेली आगळाची, म्हणजे मीठ घातलेल्या कोकमाच्या रसाची, बाटली डाव्या बॅगेत होती. धोपाव्याच्या रस्त्यावरच्या खड्ड्यात झाकण सैल झालं असणार. घरी येऊन मी आतलं पुसलं, बाहेरचं पुसलं. खालच्या कप्प्याकडे कुणाचं लक्ष जातं? आगळ म्हणजे मीठ आणि आंबट दोन्ही एकदम. तो शिवणीतून झिरपत झिरपत बरोबर त्या चेनीवर येऊन पाच महिने बसला होता.

म्हणजे जेटीवरच्या फजितीतला निम्मा वाटा माझा, किंवा मावशीचा. पण पूर्ण नाही. उजव्या बॅगेत आगळाचा थेंब गेलेला नाही, तरी तिच्या रनरलाही पांढरी पूड आहेच आणि तो दोन हातांनी ओढावा लागतो. काकांनाही तो दाखवला. म्हणाले, "हा खाऱ्या वाऱ्याचा. वर्षभर काढेल फार तर."

त्यांनी सुचवलं ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं. रेन कव्हरच्या कप्प्याला चेन हवीच कशाला? दोन्ही कप्प्यांच्या चेनी उसवून वेल्क्रो मारला. वरच्या दोन्ही चेनींना नवे आठ नंबरचे रनर टाकले. चारही कामांचे मिळून १६० रुपये. वर ताकीद, तेल अजिबात घालायचं नाही, तेलाला माती धरते. आल्यावर गोड्या पाण्याने धुवायचं, वाळलं की मेणबत्ती घासायची. आता दर रविवारी रात्री मी अंगणात मेणबत्ती घेऊन बॅगेपुढे बसतो. शेजाऱ्यांना वाटतं काहीतरी विधी चालू आहे.

नवीन घेणारा मला विचारेल तर काय सांगू? एकटा फिरणारा असेल तर तोंड गुंडाळून बंद करायची पीव्हीसीची ड्राय बॅग घे, तीस लिटरची, मागच्या सीटवर आडवी, दोन पट्ट्यांनी आवळून. चेनच नाही तर अडकणार काय? हजार-बाराशेत काम होतं. आमच्या शाखेतला शिपाई तीच वापरतो आणि माझी कहाणी त्याने शांतपणे ऐकून घेतली. तिचा दोष एवढाच की तळाचा ब्रश काढायला सगळं बिऱ्हाड बाहेर काढावं लागतं, आणि वजन पुन्हा सीटवर उंच येतं. सॅडलबॅगच हवी असेल तर दुकानात लिटर आणि डेनिअर (कापडाच्या धाग्याची जाडी) विचारत बसू नका. रनर नखाने खरवडून बघा. रंग निघाला तर बॅग खाली ठेवा.

मी मात्र हीच वापरणार. ४,२०० आणि ७०० आणि १६० घातलेत, अजून दोन पावसाळे तरी वसूल करायचेत. कपडे आता खताच्या गोणीतल्या आतल्या प्लास्टिकमध्ये बांधून मग बॅगेत ठेवतो. तीन पाण्यांनी धुतलंय, तरी गुहागरला पोहोचल्यावर टीशर्टला किंचित युरियाचा वास येतो.

मावशीने या खेपेलाही आगळ दिला. तो मी पाठीवरच्या सॅकमध्ये आणला. कंपनीने परवा अचानक मेल करून दोन नवे रनर मोफत पाठवतो म्हणून पत्ता मागितलाय. पत्ता दिला आहे. आगळाचं काही लिहिलं नाही.