एल्विसचे अकरा कार्यक्रम आणि टाळ्यांमधला एक सेकंद: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या महिन्यात एका शनिवारी रात्री एल्विस प्रेस्लीच्या लास व्हेगासमधल्या, २६ ऑगस्ट १९६९ च्या मध्यरात्रीच्या कार्यक्रमाची सीडी आत ढकलली, तर प्लेअरने बराच वेळ घरघर करून ‘नो डिस्क’ अशी अक्षरे दाखवली. सीडी पुसून पुन्हा घातली, तरी तेच. मग भीमसेन जोशींच्या अभंगांची सीडी घालून पाहिली. तीही वाचली जाईना, तेव्हा दोष लास व्हेगासचा नाही एवढे तरी निश्चित झाले.

ती सीडी ज्या संचातली, त्यात काय आहे हे एल्विस जमवणाऱ्यांना नव्याने सांगायला नको: त्या ऑगस्टमधले त्याचे लास व्हेगासचे कार्यक्रम. २०१९ साली निघालेला हा संच माझ्या भाच्याने दिवाळीत न्यू जर्सीहून येताना वापरलेला, पण सुस्थितीतला असा आणला आणि माझ्याकडून ₹९,९०० घेतले. अकरा कार्यक्रम, अकरा सीडी, म्हणजे कार्यक्रमामागे ₹९००, असा हिशेब मी त्याच रात्री मांडला होता. लॅपटॉपला सीडीची खाच नसल्यामुळे ₹६,८०० चा, पेनड्राइव्हही चालणारा एक छोटा प्लेअर वेगळा घ्यावा लागला. त्याचे नाव मुद्दाम लिहीत नाही.

पहिल्या तीन महिन्यांत माझे मत साफ प्रतिकूल होते. सहा दिवसांतले अकरा कार्यक्रम, बहुतेक गाणी तीच आणि त्यांचा क्रमही जवळजवळ तोच. आरंभ ‘ब्लू स्वेड शूज’ने आणि शेवट ‘कान्ट हेल्प फॉलिंग इन लव्ह’ने. “अहो, हे काल लावलं होतंत ना?” असे घरातून विचारले जाई आणि त्यावर “नाही, कालचा जेवणाच्या वेळचा होता, हा मध्यरात्रीचा” हे उत्तर देताना मलाच ओशाळल्यासारखे होई. गाण्यांच्या मधले एल्विसचे बोलणे तर मी रिमोटने पुढे ढकलत असे. उरलेल्या सीडी विकून दोनच ठेवाव्यात, असेही मनात येऊन गेले.

प्लेअर बिघडल्यावर सेवा केंद्रात गेलो. तिथल्या मुलाने यंत्राकडे न पाहताच “काका, सीडीच खराब असेल” असे सांगितले. अभंगांचा दाखला दिल्यावर त्याने हमीपत्राच्या मागची बारीक अक्षरे दाखवली: यंत्राला एक वर्षाची हमी, लेन्सला मात्र सहा महिन्यांची. माझा हा सातवा महिना. लेन्स बदलण्याचे ₹२,४०० सांगितले आणि मूळ खोका थर्मोकोलसकट आणायला सांगितले. ज्या यंत्राचे काम सीडी वाचणे आहे, त्याच्या लेन्सला निम्मी हमी देणे म्हणजे चपलेची हमी देऊन तळवा वगळण्यासारखे आहे, हे मी तिथे मोठ्याने बोललो. उपयोग झाला नाही.

तेव्हा मित्राच्या जुन्या संगणकावर अकराही सीडी उतरवून पेनड्राइव्हवर घेतल्या आणि खरा मनस्ताप तिथून सुरू झाला. सीडीवर सगळा कार्यक्रम अखंड असतो. ट्रॅकचा आकडा बदलतो, ध्वनी मात्र तुटत नाही. पेनड्राइव्हवर प्रत्येक ट्रॅक स्वतंत्र फाइल झाला आणि दर दोन फाइलींच्या मध्ये हा प्लेअर साधारण एक सेकंद गप्प बसू लागला. गाणे संपत आले आहे, ड्रमवादक रॉनी टटचे ड्रम कडाडत आहेत, दोनेक हजार माणसांच्या टाळ्या चढत आहेत, आणि मध्येच कोणी दार लावून घ्यावे तशी शांतता. मग पुन्हा दार उघडल्यासारख्या त्याच टाळ्या. एका कार्यक्रमात असे वीसेक वेळा. गायकाने समेवर यावे आणि नेमक्या त्याच क्षणी दिवे जावेत, तसे ते वाटते.

या एका सेकंदामागे मी तीन आठवडे घालवले. एमपी३ मध्ये आवाज ११५२ नमुन्यांच्या (म्हणजे आवाजाच्या सूक्ष्म मोजमापांच्या) ठराविक तुकड्यांत बांधला जातो, आणि गाण्याची लांबी त्या मापात नेमकी बसली नाही, तर शेवटचा तुकडा शांततेने भरून काढला जातो. तो तुकडा सेकंदाच्या चाळिसाव्या भागाहून किंचितच मोठा, त्यामुळे सगळा दोष त्याच्यावर टाकता येईना. म्हणून सगळे पुन्हा फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजात काटछाट न करणाऱ्या फाइलींमध्ये उतरवले, कारण त्यात अशी भर पडत नाही. तरीही खंड तसाच राहिला, कारण हा प्लेअर एक फाइल बंद करून दुसरी उघडायलाच तेवढा वेळ घेतो. शेवटी अख्खा कार्यक्रम एकाच फाइलमध्ये उतरवला, आणि तासाभराच्या त्या फाइलमध्ये हवे ते गाणे शोधण्याची सोयच उरली नाही.

आणि इथेच माझे मत पालटले. पुढे ढकलता येईना, म्हणून एल्विसचे बोलणे निमूटपणे ऐकावे लागले. आपण ट्रक चालवत होतो, इलेक्ट्रिशियनचे काम शिकत होतो, इथपासूनची स्वतःची कहाणी तो सांगतो, पण एका रात्री फुलवून आणि दुसऱ्या रात्री दोन वाक्यांत उरकून. १९६१ च्या मार्चमधल्या पर्ल हार्बरच्या मदत कार्यक्रमानंतर, १९६८ चा दूरचित्रवाणी कार्यक्रम वगळता, हा माणूस प्रेक्षकांसमोर उभाच राहिला नव्हता, आणि आता चार आठवड्यांत ५७ कार्यक्रम करत होता. ‘सस्पिशस माइंड्स’ची तबकडी २६ ऑगस्टला, म्हणजे या ध्वनिमुद्रणांच्या अखेरच्या दिवशी, बाजारात आली. त्यामुळे जवळजवळ सगळ्या सीडींवर प्रेक्षक ते गाणे प्रथमच ऐकत आहेत, आणि तो ते सात मिनिटांपर्यंत ताणत नेताना टाळ्यांचा सूर कसा बदलत जातो, हे सलग ऐकल्याशिवाय कळत नाही.

त्याच २६ तारखेच्या मध्यरात्री ‘आर यू लोनसम टुनाइट’ गाताना तो मूळ ओळीच्या जागी टकलाविषयीचे शब्द घालतो आणि मग हसू आवरेनासे होते. तो हसत असताना मागे साथीची गायिका सिसी ह्यूस्टन हिचा उंच स्वर जराही न डळमळता चालू राहतो आणि त्या स्वरामुळे त्याला आणखी हसू फुटते. हा तुकडा सुटा म्हणून मी पूर्वी अनेकदा ऐकला होता. मात्र त्याआधीची अर्धी रात्र ऐकून तिथे पोहोचल्यावर मी एकटाच खोलीत मोठ्याने हसलो.

संग्रहातल्या इतर वस्तूंनाही मग हीच एका सेकंदाची कसोटी लावली. १० जून १९७२ चा मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधला एल्विसचा रात्रीचा कार्यक्रम सुमारे आठवड्याभरात तबकडीवर आला आणि त्याच दुपारच्या कार्यक्रमाला मात्र १९९७ पर्यंत थांबावे लागले. दोन्हीकडे टाळ्यांची भिंत आहे, म्हणून तिथेही खंड असह्य होतो. ध्वनिमिश्रकाच्या मेजावरून थेट घेतलेल्या टेप, ज्या ‘फॉलो दॅट ड्रीम’ या एल्विस-संग्राहकांसाठीच्या लेबलने १९९९ पासून पुष्कळ काढल्या आहेत, त्यांत आवाज कानाशी आणि प्रेक्षक शेजारच्या खोलीत असल्यासारखे ऐकू येतात. तिथे तो सेकंद फारसा बोचत नाही. प्रेक्षकांतून कोणी लपवून केलेल्या मुद्रणात मात्र सगळा जीव गर्दीतच असतो, त्यामुळे तिथे तो सर्वांत वाईट. बैठकांच्या जुन्या ध्वनिफिती जपणाऱ्यांना हे पटेल, कारण तंबोरा लागण्याचा आवाज कापलेली फीत तेही परत करतात.

मागच्या आठवड्यात बुधवार पेठेतल्या एका कारागिराने ₹४५० मध्ये लेन्स बदलून दिली, खोका न मागता. सीडी आता अखंड वाजतात. विकण्याचा विचार सोडला आहे आणि १९७० च्या ऑगस्टमधल्या कार्यक्रमांचा संच मिळतो का, असे भाच्याला विचारले आहे. त्याचे उत्तर येण्याआधीच त्या कारागिराकडून आणखी एक लेन्स आणून ठेवली आहे.