मारुती ८०० चा इंडिकेटर स्विच : दुरुस्तीनंतर काही महिन्यांचा अनुभव

आमच्या १९९८ सालच्या, कार्बोरेटरच्या मारुती ८०० चा झिजलेला इंडिकेटर स्विच बदलण्याऐवजी मी उघडून दुरुस्त केला. त्यानंतर अख्खा पावसाळा आणि बहुतेक हिवाळा ही गाडी पुण्याच्या रहदारीत नियमित चालली आहे. आधीच सांगतो, कॉन्टॅक्टची, म्हणजे स्विचच्या आत एकमेकांना टेकून वीज जोडणाऱ्या धातूच्या भागांची दुरुस्ती उत्तम टिकली आहे. वळण संपल्यावर इंडिकेटरची दांडी आपोआप जागेवर येण्याची क्रिया मात्र नव्या गाडीइतकी नेमकी राहिलेली नाही.

मूळ तक्रार अशी होती की डावा इंडिकेटर दिल्यावर दिवे कधी लागत नसत, कधी लुकलुकण्याऐवजी नुसते लागून राहत, आणि दांडी बोटाने किंचित रेटून धरली की पुन्हा सुरळीत चालू होत. अशा वेळी बहुतेक जण आधी फ्लॅशर, म्हणजे दिवे लुकलुकवणारा सुटा भाग, बदलतात. तो संशय अगदीच चुकीचा नाही, कारण उष्णतेवर चालणारा जुना फ्लॅशर पुरेसा प्रवाह मिळाला नाही तर मंदावतो किंवा थांबतो. परंतु इंडिकेटर आणि हॅझर्ड (चारही इंडिकेटर एकदम लुकलुकवण्याची सोय) यांना एकच फ्लॅशर असेल आणि हॅझर्ड लावल्यावर चारही दिवे नीट लुकलुकत असतील, तर फ्लॅशर, बल्ब आणि बल्बचे अर्थिंग हे तिन्ही निर्दोष ठरतात आणि उरतो तो स्विच. खात्रीसाठी दिवा लागलेला असताना स्विचच्या येणाऱ्या आणि जाणाऱ्या तारेवर मल्टिमीटर (व्होल्ट मोजणारे उपकरण) लावला, तेव्हा एक व्होल्टहून अधिक विद्युतदाब स्विचमध्येच खर्च होत होता. हे किरकोळ वाटते, पण फिलामेंटच्या बल्बला १० टक्के दाब कमी मिळाला तर प्रकाश सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. भर उन्हात मागच्या दुचाकीस्वाराला आपला इंडिकेटर दिसत नाही, त्याचे एक कारण हेही असते.

उघडण्याचे काम अवघड नाही, पण घाईचे नाही. बॅटरीची ऋण तार काढावी, हॉर्नचे झाकण काढून स्टीअरिंगच्या नटाशेजारी चाक आणि दांडा या दोन्हींवर खूण करावी. चाक ओढताना नट पूर्ण न काढता दोन आट्यांवर अडकवून ठेवावा, नाहीतर अडकलेले चाक एकदम सुटून तोंडावर येते. चाकावर हातोडी चालवणारे कारागीर मी पाहिले आहेत. तसे करू देऊ नये. स्विचचे प्लास्टिकचे घर तर पारदर्शक पिशवीत हात घालूनच उघडावे, कारण दांडीला ‘टक्’ असा थांबा देणारी स्प्रिंग आणि तिच्यावरची पोलादी गोळी झाकण उचलताच उडते आणि मग सापडत नाही.

आत मूळचे ग्रीस वाळून काळपट मेणासारखे झाले होते. सरकत्या पितळी पट्टीने खालच्या पत्र्यावर चर पाडला होता आणि डाव्या बाजूच्या कडेला, जिथे संपर्क प्रथम जुळतो, तिथे टाचणीच्या डोक्याएवढा जळका खड्डा होता. २१ वॉटच्या बल्बचे थंड फिलामेंट पहिल्या क्षणी नेहमीच्या सुमारे दहापट प्रवाह खेचते. वर्षानुवर्षे त्या ठिणग्या एकाच जागी पडल्या की हे होणारच. आयसोप्रोपिल अल्कोहोलने सगळे पुसून २००० नंबरच्या पॉलिश पेपरचे मोजके हात दिले. जाड कागदाने घासले तर वरचा मुलामा निघून जातो आणि आतला धातू लवकर काळा पडतो. यापेक्षाही महत्त्वाचे काम म्हणजे दबलेली पट्टी केसभर वाकवून तिचा ताण परत आणणे. केवळ सफाई करून जोडलेले स्विच लवकरच पुन्हा तक्रार करतात, ते याच कारणाने. कॉन्टॅक्टवर सिलिकॉन ग्रीस लावू नये. ठिणगीने ते जळून सिलिकाचा, म्हणजे वाळूच्याच जातीचा थर धरते आणि त्यातून वीज वाहत नाही. मी कॉन्टॅक्टसाठीचे ग्रीस पुसट लावले आणि सिलिकॉन फक्त प्लास्टिकच्या सरकत्या भागांना.

दांडी परत आणणारा पांढरा प्लास्टिकचा खटका तुटलेला होता. हे प्लास्टिक इतके गुळगुळीत असते की त्याला नेहमीचा गोंद धरत नाही, म्हणून भंगारातल्या दुसऱ्या स्विचचा खटका बसवला. तोही जुनाच असल्याने यू-टर्ननंतर दांडी हमखास परत येते, पण हलक्या वळणानंतर हाताने आणावी लागते. बाजारात मिळणारा डुप्लिकेट स्विचही हातात घेऊन पाहिला होता. त्याचा पत्रा पातळ आणि दांडी ढिली वाटली, म्हणून घेतला नाही.

आज त्याच दोन तारांवर मल्टिमीटर लावला तर तूट व्होल्टच्या दोन दशांशांच्या आत आहे. काचांवर आतून बाफ धरणाऱ्या दमट दिवसांतही एकदाही दांडी रेटावी लागली नाही. १५ वर्षे उलटलेल्या खासगी गाडीची नोंदणी दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावी लागते आणि तपासणीत इंडिकेटर पाहिले जातात, त्यामुळे ही विश्वासार्हता केवळ हौसेपुरती नाही.

याच कामाबरोबर हेडलाइटना स्वतंत्र रिले (मोठा प्रवाह स्वतःमधून नेणारा, विजेवर चालणारा स्विच) बसवला, आणि तो मला दुरुस्तीइतकाच मोलाचा वाटतो. मूळ वायरिंगमध्ये रिले नसेल तर हाय बीमचे ६० वॉटचे दोन्ही बल्ब मिळून सुमारे १० अँपिअर प्रवाह याच कॉम्बिनेशन स्विचमधून, म्हणजे इंडिकेटर आणि हेडलाइट दोन्हींच्या एकत्रित स्विचमधून जातो आणि त्याची उष्णता शेजारच्या प्लास्टिकला सोसावी लागते. आता रात्रीच्या लांब प्रवासानंतरही स्टीअरिंगखालचे आवरण कोमट होत नाही.

स्टीअरिंगमध्ये एअरबॅग असलेल्या गाडीत यातले काहीही घरी करू नये. माझ्या गाडीत आता खटका तेवढा बाकी आहे. न वापरलेला मूळ स्विच कुठे मिळाला तर त्यातला खटका काढून घेईन, कॉन्टॅक्टच्या पट्ट्या मात्र आहेत त्याच ठेवीन.